वेगळं ताट

।। श्री ।।

गंगापूर रोड, नाशिक
२० जुलै २०२५

ती. दादास,
शि. सा. नमस्कार.

तू आणि वहिनी तेरावा उरकून नामपूरला गेलात आणि घर एकदम मोकळं झालं. परवा सायलीही पुण्याला गेली. तिची नोकरी नवी, रजा किती मागणार, म्हणून मीच तिला जा म्हटलं. आता या घरात मी आणि बहिरू. फोन करावा तर तुला ऐकू येत नाही, आणि मोबाईलवरची अक्षरं वाचायची नाहीत हा तुझा हट्ट. रिटायर पोस्टमास्तरांच्या बहिणीने पत्रच लिहिलं पाहिजे.

पत्रास कारण बहिरू. त्याने अजून काही खाल्लेलं नाही.

तुला त्याचं नाव तेवढं माहीत, कारण ते तुझ्यावरूनच ठेवलेलं. सापाला कान नसतात आणि मामालाही ऐकू येत नाही, म्हणून बहिरू, असं रुद्रने सांगितलं तेव्हा रागवायचं सोडून तू पोस्टात पेढे वाटलेस. तो बॉल पायथन आहे, म्हणजे अजगराचीच परदेशी जात, पण फार वाढत नाही. विष नाही. पाळायला सरकारी कागद लागतात, ते रुद्रने केले होते. माझी अट एकच होती, की या माळकरी घरात जीव मरायचा नाही. म्हणून दर शनिवारी तो बहिरूला डब्यात घालून ओमकडे न्यायचा. ओम त्याचा शाळेपासूनचा मित्र, मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे, त्याच्याकडेही दोन साप आहेत. सापांचे उंदीर त्याच्या फ्रीजमध्ये गोठवून ठेवलेले असतात. जेवण तिकडे आणि झोप इकडे, अशी बहिरूची व्यवस्था होती. आता ओम शनिवारी येऊन त्याला नेतो आणि उपाशीच परत आणून देतो. माणसं आली गेली, घर ढवळलं, त्यामुळे बुजलाय, खाईल हळूहळू, असं त्याचं म्हणणं.

ती सकाळ माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. हॉलमध्ये जिथे रुद्रला ठेवलं होतं तिथे दिवा लावून आपण पीठ पसरलं, वर टोपली झाकली. पुढचा जन्म कोणता ते पिठात उमटतं म्हणतात. सकाळी टोपली तू उचललीस. पिठात वळणावळणाची रेघ होती आणि दिव्याशेजारी बहिरू वेटोळं घालून बसला होता. ओम म्हणतो, गडबडीत पेटीचं झाकण लागलं नसेल, आतली उबेची पट्टी कुणीतरी बंद केली असेल, म्हणून तो ऊब शोधत दिव्याकडे आला. असेल. मी सातवीला विज्ञान शिकवते, मला हे समजत नाही असं नाही. पण रामकुंडावर कावळाही लगेच शिवला. सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला. माझ्या मनात आलं, सव्वीस वर्षांच्या पोराची एकही इच्छा राहिली नसेल? का तो आधीच घरी पोचला होता, म्हणून कावळ्याला थांबावं लागलं नाही?

हे कुणाला बोलले नाही. तुला लिहिते. वहिनीला नमस्कार.

तुझी,
प्रतिभा


।। श्री ।।

नामपूर, ता. बागलाण
२६ जुलै २०२५

चि. प्रतिभास,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. पिनकोड तू चुकवला होतास, पण नामपूरच्या पोस्टात मला न ओळखणारा माणूस अजून यायचा आहे. इकडे पाऊस बरा आहे. हवा सर्द झाल्याने साठवणीच्या चाळीतला कांदा सडायला लागला. मी आणि आपला गडी सोमा दिवसभर निवडत बसतो. सडका बाजूला काढला नाही तर शेजारचाही जातो. हाताचा वास जात नाही, म्हणून वहिनी म्हणते पत्र लिहिताना हात धुवा, नाहीतर प्रतिभा वाचताना रडेल.

माय, तू रडत असशील तर बरंच आहे. तुझ्या पत्रात तसं दिसलं नाही, म्हणून म्हणतो.

रुद्र तापाने गेला ती बातमी फोनवर आली. माझ्या कानाचा उपयोग नाही, म्हणून सोमाने ती कागदावर लिहून माझ्यापुढे धरली. उभ्या नोकरीत मी वाईट बातमीचं पत्र हाताला लागताच ओळखायचो. वर श्री नसायची आणि कार्डाचा कोपरा फाडलेला असायचा. ते घेऊन कुणाच्या दारात जाताना माझे पाय जड व्हायचे, पण कोपरा दिसल्यापासून मजकूर वाचेपर्यंत माणूस खाली बसून घ्यायचा. तेवढी सवड त्याला मिळायची. सोमाच्या कागदाला चारही कोपरे होते. मला वाटलं, हा दुसऱ्या कुणाच्या तरी रुद्रचं सांगतोय. अजूनही सकाळी उठलो की क्षणभर तसंच वाटतं.

पिठाचं म्हणशील तर टोपली मीच उचलली आणि हातही मीच आधी जोडले. त्यावर मी काही बोलत नाही.

बहिरूची काळजी करू नको. दावण बदलली की बैलसुद्धा वैरण टाकतो. मुका जीव आहे, त्याला घरातलं दुःख कळत असेल किंवा नसेल, घरातली गडबड नक्की कळते. ओम जाणता आहे. त्याच्याकडेच काही दिवस ठेवला तर कसं? तू जेवतेस का, ते पत्रात नाही. पुढच्या पत्रात लिही.

तुझा,
गोरक्षदादा


।। श्री ।।

गंगापूर रोड, नाशिक
३० जुलै २०२५

ती. दादास,
शि. सा. नमस्कार.

काल नागपंचमी झाली. यंदा आपल्याला सण नाही, तरी परवा चतुर्थीला तुझ्यासाठी उपास धरला. भावाचा उपास कसा मोडायचा? काल चिरलं नाही, तळलं नाही, तवा ठेवला नाही. शेजारच्या उज्वलाताई म्हणाल्या, तुमच्या तर घरातच नाग आहे, पाटावर काढायची गरज नाही. त्या सहज बोलल्या. मला फार बरं वाटलं.

तुला जे सांगायचं ते शनिवारचं आहे. मी पहिल्यांदाच ओमबरोबर त्याच्याकडे गेले. पाहायचं नाही असं ठरवून गेले आणि पाहिलं. ओमने लांब चिमट्यात उंदीर धरून बहिरूच्या तोंडापुढे नेला. बहिरूने जीभ बाहेर काढली, थोडा वेळ तसाच थांबला आणि मान फिरवली. काचेच्या ज्या बाजूला मी उभी होते त्या बाजूला आला आणि तिथे डोकं टेकवून राहिला. ओमने तीनदा पुढे केलं. तीनदा त्याने नाकारलं.

दादा, तुला सगळं ठाऊक आहे. कॉलेजात गेल्यावर रुद्रने माळ काढली. बाहेर काय काय खाऊन यायचा. मी भांडले, बोलणं टाकलं, शेवटी त्याचं ताट वेगळं केलं. माझ्या ताटाला ते लागू द्यायचे नाही, घासायचेही वेगळं. त्याने कधी तक्रार केली नाही. हसून म्हणायचा, आई, माझं ताट आण, त्यावर माझं नाव आहे. ते बारशाचं स्टीलचं ताट, मागे नाव कोरलेलं. आणि आता त्यानेच मान फिरवली. जे मी इतकी वर्षं सांगून ऐकलं नाही, ते आता ऐकतोय. घरी आल्यावर मी देवापुढे साखर ठेवली. किती दिवसांनी मला आनंद झाला ते तुला कसं सांगू.

काल त्याच्या पेटीत वाटीभर दूध आणि लाह्या ठेवल्या. प्यायला नाही, पण वाटीपाशी बसून होता. पाणी पितो, मी पाहिलंय. म्हणजे एकादशी आहे, पण निर्जळी नाही. ओमला मी सांगितलं की यापुढे उंदीर नको आणि शनिवारी यायचीही गरज नाही.

मी जेवते. काळजी नसावी.

तुझी,
प्रतिभा


।। श्री ।।

नामपूर
१० ऑगस्ट २०२५

चि. प्रतिभास,
अनेक आशीर्वाद.

राखी बरोबर काल सकाळी पोचली. वहिनीने बांधली. बहिणीची राखी बायकोकडून बांधून घेणारा भाऊ गावात मी एकटाच असेन, तेवढ्यावरून सोमा दिवसभर हसला.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचून डोळ्यांत पाणी आलं, की माझी बहीण हसली. दुसऱ्यांदा वाचताना जरा थांबलो. थांबून काय वाटलं ते मला नीट सांगता येत नाही, म्हणून लिहीत नाही. तुझ्या जिवाला समाधान आहे ना, मग मी कोण मध्ये बोलणारा. ज्याने त्याने आपलं दुःख आपल्या पद्धतीने वाहावं.

वहिनीला मी पत्र वाचून दाखवलं. ती भाकरी थापत होती. थापता थापता म्हणाली, "ज्याले जे पचस, ते त्याले खाऊ द्या." मी तिला म्हटलं, अगं, गळ्यात माळ आहे तुझ्या, असं बोलू नये. ती भाकरी थापत राहिली, नेहमीसारखी हसली नाही.

सोमा उद्या कामाला नाशिकला येतोय. त्याच्याबरोबर बाजरीचं ताजं पीठ, शेवग्याच्या शेंगा आणि निवडलेला कांदा पाठवतो. पीठ आम्ही आजच दळलं. गरम भाकरी कर, वर लोणी घाल. तुझ्याकडे लोणी नसणार, तूप घाल.

तुझा,
गोरक्षदादा


।। श्री ।।

गंगापूर रोड, नाशिक
२७ ऑगस्ट २०२५

ती. दादास,
शि. सा. नमस्कार.

उशीर झाला, रागावू नको. सायली आली होती आणि भांडून गेली. तिला बहिरूला ओमकडे देऊन टाकायचंय. तिच्या मागे लागण्याने मी त्याला डॉक्टरांना दाखवलं. नाशकात सापाचा डॉक्टर मिळवायचा म्हणजे सोपं काम नाही, पण ओमने मिळवला. डॉक्टर तरुण आहेत, नीट बोलले. म्हणाले, याला आजार काही नाही. अंधार हवा, शांतता हवी, ऊब हवी. रोज हाताळू नका, खोलीत दिवा ठेवू नका, दूध तर अजिबात नको. आणि खायला उंदीर द्या, नाहीतर तो राहणार नाही.

त्यांना काय सांगायचं? रुद्रसाठी त्या खोलीत लावलेला दिवा मी कसा विझवू? आणि रोज संध्याकाळी त्याला मांडीवर घेऊन हरिपाठ म्हणते तेव्हाच तर तो शांत असतो. अजिबात हलत नाही. मनगटाला विळखा घालून पडून राहतो. रुद्र लहानपणी तापात असा माझा हात धरून झोपायचा.

वाळला आहे, ते मलाही दिसतं. पाठीचा कणा वर आलाय, कातडी सैल पडली आहे. सायली म्हणाली, आई, तो साप आहे आणि तू त्याला मारते आहेस. असं आईला बोलावं का कुणी? मी तिला म्हटलं, तुझ्या भावाने आयुष्यात एकदा माझं ऐकलं आहे, ते तुला बघवत नाही. ती रडत बॅग भरून गेली. अजून फोन नाही.

मी त्याला मरू देणार नाही. डॉक्टर म्हणतात, शेवटी चिमट्याने तोंड उघडून आत ढकलावं लागेल. तसं मी कुणाला करू देणार नाही. त्याने जे एवढ्या निश्चयाने सोडलं ते जबरदस्तीने त्याच्या तोंडात कोंबायचं? देव काहीतरी मार्ग दाखवेल.

वहिनीला सांग, पीठ फार छान होतं. काल डबा उघडला तर कडू झालं होतं, टाकून द्यावं लागलं, जिवाला लागलं. शाळेत पुढच्या महिन्यापासून जाईन म्हणते. माझी प्रकृती ठीक.

तुझी,
प्रतिभा


।। श्री ।।

नामपूर
१२ सप्टेंबर २०२५

चि. प्रतिभास,
अनेक आशीर्वाद.

हे पत्र मी चारदा फाडलं. हे पाचवं. आता फाडणार नाही, कारण घरातले कागद संपले.

बाजरीचं पीठ कडू व्हायला ते डब्यात तसंच पडून राहावं लागतं. आपल्या आईच्या हाताखाली वाढलेली तू, डबा भरला की तिसऱ्या दिवशी तुझं बोट तळाला लागायचं. तू भाकरी केलीच नाहीस. "मी जेवते" असं लिहितेस ते खोटं आहे.

परवा सायलीने सोमाच्या मोबाईलवर फोटो पाठवला. तिने चोरून काढलेला असावा. तू पलंगावर बसली आहेस आणि मांडीवर बहिरू आहे. सोमाने मला चष्मा दिला आणि म्हणाला, आबा, बघा साप किती वाळलाय. मला साप दिसलाच नाही. मला तुझ्या गळ्याची हाडं दिसली आणि त्यांच्यामध्ये लोंबणारी माळ. तो खात नाही म्हणून तूही खात नाहीस, बरोबर ना?

पितृपक्ष चालू आहे. रुद्रचं यंदा नाही, वर्ष व्हायचंय. वडिलांचं पान वाढताना वहिनीने नेहमीसारखा तंबाखूचा विडा ठेवला. वडिलांना आम्ही आयुष्यभर म्हणायचो, माळकरी माणसाने तंबाखू खाऊ नये. त्यांनी ऐकलं नाही. गेल्यावर मात्र आपण दर वर्षी तोच विडा पानावर ठेवतो, कारण गेलेल्या माणसाला त्याच्या आवडीचं द्यायचं असतं, आपल्या आवडीचं नाही. हे करताना माझा हात थांबला आणि तुला काय लिहायचं ते मला सापडलं.

ते पिठातलं खरं की खोटं मला माहीत नाही. टपालात उभा जन्म गेला. पाकीट फोडून बघायचं नाही, पत्त्यावर पोचवायचं, एवढंच मला शिकवलेलं. म्हणून मी तो रुद्रच आहे असं धरून बोलतो. तो रुद्रच. मग त्याला देवाने या खेपेला ज्या जन्माला घातलं त्या जन्माचं अन्न उंदीर आहे. त्याने ते मागून घेतलेलं नाही. मागच्या जन्मी तू त्याचं ताट वेगळं केलंस, पण निदान ताट होतं. या जन्मी तू त्याच्यापुढचं ताटच उचललंस. दुधाची वाटी घेऊन त्याच्यापुढे बसलीस आणि म्हणतेस, माझं ऐकतो. माय, तो ऐकत नाही. तो भुकेने मरतोय.

आणि माझा रुद्र असा नव्हता. तो खायचा. आमच्याकडे आला की वहिनीच्या चुलीपुढे बसून तव्यावरची भाकरी उतरायच्या आत पळवायचा. तो उपाशी राहून कुणाला खूश करणारा पोरगा नव्हता. तुला खूश करायला त्याने ते वेगळं ताट हसत घेतलं, ते त्याचं खूश करणं होतं. ते तुझ्या लक्षात आलं नाही.

अजून एक सांगतो आणि थांबतो. तुझ्या एकाही पत्रात तो गेला असं लिहिलेलं नाही. मी पुन्हा सगळी काढून पाहिली.

माझ्याही गळ्यात माळ आहे. बहिणीला उंदीर चार म्हणून लिहिताना मला काय वाटत असेल ते तू जाण. पाप असेल तर माझ्या खात्यावर घाल.

तुझा,
गोरक्षदादा


।। श्री ।।

नामपूर
३० सप्टेंबर २०२५

चि. प्रतिभास, आशीर्वाद.

कार्ड लिहितोय, कारण लांब लिहायची भीती वाटते. तुझं उत्तर नाही. रागावली असशील तर तसं लिही, शिव्या लिही, टपाल खातं सगळं पोचवतं. मी रोज टपालाची गाडी यायच्या वेळेला पोस्टाच्या पायरीवर जाऊन बसतो. नवा पोस्टमास्तर मला चहा देतो आणि मान हलवतो. तू जेवल्याचं पत्र येईपर्यंत मी भाकरी सोडली आहे. वहिनी तुला आणि मला दोघांनाही नावं ठेवते. तिचं ऐकायला मला कान नाहीत हे त्यातल्या त्यात बरं. दिवाळीच्या आत चार ओळी लिही.

गोरक्षदादा


गंगापूर रोड, नाशिक
९ ऑक्टोबर २०२५

ती. दादास,
शि. सा. नमस्कार.

तुझं पत्र वाचून मी ते चुरगळून टाकलं. मग उचलून, सरळ करून, उशीखाली ठेवलं. इतका राग मला तुझा कधी आला नव्हता. माझा भाऊ असून माझ्या पोराला माझ्यापासून काढून घेतो, असं वाटलं. दोन दिवस मी त्याला मांडीवर घेऊन नुसती बसून राहिले. मग तिसऱ्या दिवशी त्याचं डोकं माझ्या हातावर होतं आणि ते उचलायचं बळ त्याच्यात नव्हतं, ते मला दिसलं. शांत नव्हता तो, दादा. बळ नव्हतं त्याला. मी रोज संध्याकाळी त्यालाच शांती म्हणत होते.

डॉक्टरांनी सांगितलं होतं तसं केलं. त्या खोलीतला दिवा उचलून देवघरात आणला. उबेची पट्टी चालू केली, पडदे लावले, पेटीवर चादर टाकली. पाणी बदलण्यापुरती आत जायचे. त्याला हात लावला नाही. उत्तर आलं नाही ते त्यामुळे. त्याला सोडून द्यायची मी सवय करत होते आणि ते तुला लिहून कळवण्याइतकी माझी खात्री नव्हती.

परवा, कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी, संध्याकाळी ओमला बोलावलं. त्याला म्हटलं, तुझ्याकडे नको, इथेच द्यायचं, माझ्या घरात. त्याने गोठलेला उंदीर कोमट पाण्यात सोडला तोवर मी स्वयंपाकघरात जाऊन माळ काढली. लग्नाआधीपासून कधी काढली नव्हती. देवापुढे ठेवली आणि म्हटलं, थोडा वेळ सांभाळ. मग मांडणीवरून रुद्रचं ताट काढलं. ओमला म्हटलं, यात ठेव. त्याने ताट उलटं करून मागचं नाव वाचलं आणि त्याला रडू आलं. मला नाही आलं.

चिमटा मीच धरला. ओमने माझं मनगट धरून तो पेटीत नेला. मी मनात म्हणत होते, जेव बाळा, आई काही बोलणार नाही. बराच वेळ काही झालं नाही. मग बहिरूने मान मागे घेतली आणि असा झडपला की चिमटा माझ्या हातातून पडला. त्याने उंदराला विळखे घातले आणि सावकाश, सगळं जग विसरून, गिळायला लागला. ओम हळूच म्हणाला, "खाल्लं, काकू. वाचला तो."

मी वाट बघत होते, की खाऊन झालं की तो एकदा माझ्याकडे बघेल. त्याने जबडा दोन्हीकडे ताणून सारखा केला, आणि माझ्याकडे न बघता कोपऱ्यातल्या मडक्याच्या खापरीखाली शिरला. भूक लागलेला साप होता तो. त्याने खाल्लं आणि झोपायला गेला. त्या सगळ्यात रुद्र कुठेच नव्हता, दादा. मी फार नीट पाहिलं. कुठेच नव्हता.

ओम गेल्यावर आंघोळ केली, माळ घातली. रुद्रचं ताट घासलं, आणि माझ्या ताटाबरोबर एकाच पाण्यात धुतलं. मग त्याच ताटात एक भाकरी वाढून घेतली. अर्धी खाल्ली. तू म्हणशील अर्धीच का, तर अर्ध्यावर रडू आलं आणि मग थांबेना. उज्वलाताई आवाज ऐकून आल्या. त्यांना वाटलं साप मेला. मी त्यांना सांगू शकले नाही की साप जगला. सायलीला फोन केला. ती रात्रीच्या गाडीने निघून आली आहे, आत्ता शेजारी झोपली आहे, आणि झोपेत तिने माझ्या पदराचं टोक मुठीत धरलंय. भाकरी आता तूही खा.

बहिरूला इथे ठेवायचं की ओमकडे द्यायचं ते तू आल्यावर बघू. त्याला घाई नाही.

या पत्रावर मी श्री घातलेली नाही, आणि कागदाचा कोपरा फाडला आहे. हातात आल्याबरोबर तुला कळलं असेल, आणि तू पायरीवर बसूनच वाचत असशील. जुलैत तुला सोमाने कागदावर लिहून सांगितलं. मी कधी कळवलंच नव्हतं. आता कळवते.

दादा, आपला रुद्र गेला. पत्र मिळताच निघून ये.

तुझी,
प्रतिभा